पदकं घरी असू द्या, स्टॉपवॉच शाळेत न्या

पत्र: “मी ३४ वर्षांची आहे. शाळेत असल्यापासून लांब पल्ल्याच्या शर्यती पळत आले, आधी पाच हजार मीटर, नंतर दहा हजार. मग टाचेमागचं अकिलीस टेंडन दुखावलं, बरं झालं, परत दुखावलं. तीन हंगाम असेच गेले आणि शेवटी मी थांबले. शिबिरं आणि स्पर्धा सांभाळत विज्ञानाची पदवी घेतलेली होती. त्यावर शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि गेल्या वर्षापासून एका शाळेत विज्ञान शिकवते आहे. शाळेत मला सगळे ‘रनर मॅडम’ म्हणतात. खेळाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात. वर्गात मुलं म्हणतात, मॅडम, रेसची गोष्ट सांगा ना. सांगितली तर तास बुडतो, नाही सांगितली तर चेहरे पडतात. बाकीचे शिक्षक विज्ञान मन लावून शिकलेत. मी ते प्रवासात, दोन स्पर्धांच्या मधल्या वेळात वाचलंय. कुणी नेमकं काही विचारलं तर उघडी पडेन, ही धास्ती रोज असते. संध्याकाळी सरावाची वेळ झाली की घरात जीव रमत नाही. त्यातच आता एक चौदा वर्षांची मुलगी मागे लागलीय, मला पळायला शिकवा म्हणून. विज्ञानात ती काठावर पास होते. मी काय करू? धावणं पूर्ण विसरून नव्यानं शिक्षिका व्हायचं का?”

उत्तर:

विसरू नका. तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत आणि त्यातल्या एकाचंही उत्तर ‘विसरा’ हे नाही. पण धावणं वर्गात ज्या वाटेनं शिरतंय, ती वाट बदलायला हवी. सध्या ते गोष्ट होऊन येतंय. मुलं गोष्ट मागतात, तुम्ही सांगता, सगळ्यांना बरं वाटतं आणि विज्ञान बाजूला राहतं. मग तुम्हाला वाटतं की ही दोन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की धावणं वर्गात मोजमाप होऊन येऊ द्या.

लांब पल्ल्याचा धावपटू वर्षानुवर्षं काय करत असतो? अंतर मोजतो, वेळ मोजतो, सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजतो, ते सगळं वहीत लिहितो, सरावात एखादा बदल करून बघतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच वही उघडून तो बदल लागू पडला की नाही ते ठरवतो. मुलांकडून आपल्याला नेमकं हेच करून घ्यायचं असतं. स्टाफरूममधल्या कितीजणांनी एकाच गोष्टीची नोंद इतकी वर्षं, इतक्या चिकाटीनं ठेवली असेल? मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आहे, म्हणून खात्रीनं सांगते, फार थोड्यांनी.

हे मोघम राहू नये म्हणून एक तास कसा उभा राहतो ते सांगते.

फळ्यावर ट्रॅक काढा. चारशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या लेनमधला धावपटू पुढून का सुरुवात करतो, विचारा. ‘बाहेरचं वळण मोठं असतं’ हे उत्तर लगेच येईल. मग विचारा, किती पुढून? आता वर्ग अंदाज बांधायला लागेल, कुणी दोन मीटर म्हणेल, कुणी वीस. लेनची रुंदी १.२२ मीटर असते एवढंच सांगा आणि खडू त्यांच्या हातात द्या. दोन्ही सरळ भाग सगळ्यांना सारखेच, फरक फक्त वळणांचा, आणि दोन वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ. त्रिज्या १.२२ मीटरनं वाढली तर परीघ २ × ३.१४१६ × १.२२, म्हणजे सुमारे ७.६७ मीटरनं वाढतो. उत्तर आलं की मुलं वही मिटायला लागतील. त्यांना थांबवा आणि विचारा, या आकडेमोडीत ट्रॅकची त्रिज्या कुठे आली?

ती आलीच नाही. ट्रॅक मोठा असो की लहान, बाहेरची लेन तेवढीच लांब. हे कुणाला चटकन पटत नाही, आणि पटू नयेच. मुलांना अंगणात न्या. एक खुंटी, एक दोरी, एक टेप. दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्याच्या बाहेर ३.२२ मीटरचं. दोन्हींचे परीघ टेपनं मोजा. मग पाच मीटरचं आणि ६.२२ मीटरचं. टेप वाकडी होईल, दोरी ताणली जाईल, कुणी दहा सेंटिमीटर चुकेल, तरी दोन्ही वेळचा फरक साडेसात-पावणेआठ मीटरच्या आसपासच येईल. सूत्र मुलांना आधीपासून पाठ असतं. त्यावर विश्वास अशा वेळी बसतो.

आता पुढची पायरी, आणि ती बहुतेक विज्ञान शिक्षकांच्या हाताबाहेरची आहे. खऱ्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनचा धावपटू पहिल्या लेनपेक्षा ७.६७ मीटर पुढे उभा नसतो, तो ७.०४ मीटर पुढे असतो. असं का, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या लेनला आतून उंच कड असते, धावणारा तिच्यापासून जरा लांबून पळतो, म्हणून ती लेन कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात. बाकीच्या लेन आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर मोजतात. म्हणजे पहिल्या दोन लेनमधला खरा फरक १.१२ मीटरचा. गणित बरोबर होतं, गृहीतक चुकलं होतं, हे मुलांना समजावून सांगायला याच्याहून सोपं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. शेवटी त्यांना काढायला सांगा की दहा हजार मीटरच्या २५ फेऱ्या कुणी दुसऱ्याच लेनमधून पळलं तर किती जास्त पळेल. सुमारे १७६ मीटर. गर्दीत आत अडकलात आणि वळणावर बाहेरून पुढे जावं लागलं, अशी एखादी शर्यत तुमच्या गाठीला असेलच. ती इथे सांगा, दोन-तीन वाक्यांत. आता ती ऐकताना मुलांच्या डोक्यात आकडा असेल, आणि तुमचा तासही बुडणार नाही.

गोष्टी सांगायच्या का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. अवश्य सांगा, पण धड्याला तिची गरज पडली की. लवकर संपलेल्या तासाची बक्षिसी म्हणून किंवा मुलं कंटाळली म्हणून सांगू नका. एकदा मुलांना कळलं की मॅडमची गोष्ट धड्याच्या पोटात असते, की ती धडाच नीट ऐकतात.

नाडीचा प्रयोग तर तुम्ही घेतच असाल. मुलं मनगटावर बोटं ठेवतात, १५ सेकंद मोजतात, चारनं गुणतात. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प उभ्या राहा: ६८, ७६, ७२, ८४, ८०. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडेल, मॅडम, सगळे आकडे चारच्या पाढ्यातले आहेत! वर्गातल्या एकाचीही नाडी ७३ कशी नाही? अख्ख्या वर्गाची हृदयं काही चारच्या पाढ्यात धडधडत नाहीत, ही आपल्या मोजण्याच्या रीतीची करामत आहे. एक ठोका चुकला की मिनिटाला चारचा फरक. ३० सेकंद मोजलं तर दोनचा, पूर्ण मिनिट मोजलं तर एकाचा. पण जिना चढून आल्यावर पूर्ण मिनिट मोजत बसलं तर तेवढ्यात नाडी खाली येते, म्हणजे तिथे जास्त वेळ मोजणंही चुकीचं. काय मोजायचंय त्यावर कसं मोजायचं ते ठरतं. धावपटूच्या हे हाडीमाशी भिनलेलं असतं. हातातल्या घड्याळानं घेतलेली ट्रॅकवरची वेळ सेकंदाच्या पुढच्या दशांशाकडे चढवून का नोंदवतात, हेही याच तासाला सांगून टाका.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मी जरा आग्रहानं सांगणार आहे. ट्रॅकवर ऐकलेलं सगळंच विज्ञान नसतं. प्रशिक्षकाकडून, मोठ्या खेळाडूंकडून, खोलीतल्या मैत्रिणींकडून आपण बरंच काही उचलतो आणि ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की खरंच वाटायला लागतं. सगळ्यांत ठळक उदाहरण लॅक्टिक अ‍ॅसिडचं. ‘काल जोरात पळलो, लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं, म्हणून आज पाय दुखताहेत.’ हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. पण जोरदार पळण्यानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप, साधारण तासाभरात जवळपास पूर्वपदावर येतं, आणि स्नायूंचं ते खास दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. जे तासाभरात गेलं ते परवा कसं दुखवेल? या दुखण्यामागे स्नायूंच्या धाग्यांना झालेली सूक्ष्म इजा आणि त्यानंतर होणारा दाह असतो. लॅक्टेट हा निव्वळ कचराही नाही, हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं.

आणि गंमत बघा, याचा पुरावा तुमच्या स्वतःच्या पायांत आहे. चढावर पळताना धाप जास्त लागते, लॅक्टेटही जास्त तयार होतं. उतारावर दम फारसा लागत नाही. मग दोन दिवसांनी मांड्या जास्त कशानं धरतात? उतारानं, कारण उतरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि इजा त्यातून होते. लॅक्टिक अ‍ॅसिडची कथा खरी असती तर उलट व्हायला हवं होतं. हा युक्तिवाद वर्गात मांडा. ‘मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, मग मी तपासून पाहिलं’ हे मुलांनी शिक्षकाच्या तोंडून ऐकणं फार मोलाचं असतं. फक्त त्याआधी तुम्ही तपासलेलं असलं पाहिजे. तुमच्या जुन्या सरावाच्या वह्या काढा, त्यात लिहिलेल्या समजुतींची यादी करा आणि एकेक समजूत चाळणीतून काढा. सुट्टीतलं याहून चांगलं काम मला सुचत नाही.

मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या पुढे जी ‘भिंत’ लागते, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपते, तिचाही हिशेब मुलांना करता येतो. पळायला दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरला अडीच हजारांच्या वर. शरीरातल्या ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा साठा सुमारे दोन हजार किलोकॅलरींचा. पुढचं मुलं स्वतः बोलतील. मग कुणीतरी विचारेल, पण चरबीपण जळते ना, मग भिंत का लागते? तिथून पचन, श्वसन, पेशी, कुठेही जाता येतं.

आता ‘उघडी पडेन’ या धास्तीकडे येते.

या वाटेवरच्या तुम्ही पहिल्या नाही. ऑस्ट्रेलियाचे जॉन लँडी यांनी जून १९५४ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथे मैलाचा जागतिक विक्रम केला. ते शेतीशास्त्राचे पदवीधर होते आणि त्या काळात एका शाळेत जीवशास्त्र शिकवत. १९५६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुढचा धावपटू रॉन क्लार्क पडला तेव्हा लँडी थांबले, मागे वळून त्याच्याकडे गेले, आणि तरीही ती शर्यत जिंकले. हा प्रसंग सगळे सांगतात. मला त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आवडते, त्यांनी पुढे आयुष्यभर फुलपाखरांचं आणि भोवतालच्या निसर्गाचं बारकाईनं निरीक्षण केलं. ब्रिटनचे ब्रूस टुलो अनवाणी पळत. १९६२ मध्ये बेलग्रेडला ते पाच हजार मीटरचे युरोपीय विजेते झाले, १९६९ मध्ये लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत अख्खी अमेरिका ६५ दिवसांच्या आत पळून गेले आणि नंतर अनेक वर्षं मार्लबरो कॉलेज या शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक होते. तिथेच शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला त्यांनी मॅरेथॉनसाठी तयार केलं. त्याचं नाव वाचून तुम्हीही क्षणभर थांबाल, रिचर्ड नेरूरकर. १९९३ चा मॅरेथॉन विश्वचषक त्यानं जिंकला.

पण तुमच्या धास्तीशी सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे न्यूझीलंडचे पीटर स्नेल. १९६० आणि १९६४ मिळून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, आठशे आणि पंधराशे मीटरमधली. त्यांचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्यांना आठवड्याला शंभर मैल पळवायचे. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी एवढं लांब का पळायचं, हे कोडं त्यांच्या मनात राहिलं. ते सोडवायला ते पस्तिशीच्या सुमारास अमेरिकेत जाऊन पदवीच्या वर्गात बसले, पुढे व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली आणि डॅलसच्या वैद्यकीय विद्यापीठात संशोधन केलं. म्हणजे तुमच्याच वयात त्यांनी पुस्तक उघडलं. प्रश्न पायांतून आला होता, म्हणून त्यांचं शिकणं उशिरा झालं तरी उथळ झालं नाही.

तुमच्या ज्ञानात पोकळ जागा असतील. प्रवासात वाचलेल्या विषयात त्या राहतातच, आणि त्या नाहीत असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या सगळीकडे सारख्या नसतात. शरीर, गती, बल, उष्णता यांत तुम्ही पक्क्या असाल. वीज, रासायनिक समीकरणं, प्रकाश यांपैकी कुठेतरी पाय डळमळत असेल. तो धडा कोणता ते तुम्हाला नक्की माहीत आहे, कारण वेळापत्रकात तो जवळ आला की पोटात गोळा येतो. त्या धड्यातला प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं करा. नुसता वाचू नका, करा. कुठली तार सैल राहते, कुठला दिवा लागत नाही, कुठला रंग पुस्तकात लिहिल्यासारखा येत नाही, हे हातानं कळलं की निम्मे अवघड प्रश्न वर्गात येण्याआधीच तुमच्या ओळखीचे झालेले असतात. ज्या सहकाऱ्याचा तो धडा हातखंडा आहे, त्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा आणि बदल्यात त्याला तुमच्या नाडीच्या तासाला बोलवा. यात कमीपणा नाही, स्टाफरूममधला अबोला यानंच मोडतो.

तरीही एखादा प्रश्न अडवेलच. तेव्हा ‘मला आत्ता सांगता येणार नाही, उद्या पाहून सांगते’ असं म्हणा आणि दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच उत्तर द्या. मुलं ‘उद्या सांगते’ विसरत नाहीत, शिक्षकच विसरतात. तुम्ही विसरला नाहीत की त्या वर्गात तुम्हाला कुणी उघडं पाडू शकत नाही.

संध्याकाळबद्दल. तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला ती ओळ पत्रातली सगळ्यांत जड वाटली. इतकी वर्षं दिवसाला आकार देणारी गोष्ट गेली आहे. त्याचं दुःख होणारच, आणि ते खरं दुःख आहे. ‘चांगली नोकरी लागलीय, आता कसलं दुःख’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. शरीरही आपल्या परीनं हिशेब मांडत असतं. सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव कमी होऊ लागतो, दर ठोक्याला हृदय थोडं कमी रक्त ढकलतं, जिना चढताना नाडी पूर्वीपेक्षा वर जाते. धावपटूला हे लगेच जाणवतं आणि ‘मी संपले’ असं वाटतं. संपलेलं नसतं, शरीर नव्या कामाच्या मापाचं होत असतं.

तुम्हाला पळायचंय तर पळा. वेळ चोरल्यासारखं वाटायचं कारण नाही, कारण तेवढा वेळ लागतच नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकानं १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की आठवड्याला सहा दिवस जोरदार व्यायाम करणाऱ्यांनी दिवस कमी करून दोनवर आणले, पण त्या दोन दिवसांचा जोर तसाच ठेवला, तर त्यांची कमाल प्राणवायू घेण्याची क्षमता १५ आठवडे टिकून राहिली. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. तुमचं टेंडन दुखावलेलं आहे, म्हणून ते दोन दिवस कसे असावेत हे खेळाडूंच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवा. कदाचित त्यातला एक सायकलवर असेल, पाण्यात असेल. बाकीच्या दिवशी चाला. स्पर्धेसाठी पळणं आणि स्वतःसाठी पळणं यांचं वेळापत्रक वेगळं असतं, एवढंच. आणि झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल आणि हे आठवडे-आठवडे चाललं असेल, तर ते निव्वळ पळणं सुटल्यामुळे होतंय असं समजून अंगावर काढू नका. समुपदेशकाला भेटा. बऱ्याच मोठ्या खेळाडूंना निवृत्तीनंतर ही मदत घ्यावी लागली आहे.

खेळाच्या तासाचा प्रश्न मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येच सुटेल. कुरकुर करू नका आणि गप्पही बसू नका. वेळापत्रक हातात घेऊन जा आणि सांगा की गेल्या महिन्यात तयारीचे इतके मोकळे तास बदलीत गेले, त्यामुळे अमुक प्रयोग राहिले. तुम्हाला मैदानावर काम करायला आवडत असेल तर आठवड्याचा एक ठरलेला तास मागून घ्या, वेळापत्रकात छापून. आवडत नसेल तर नाही म्हणा. विज्ञान शिक्षिका म्हणून तुमची नेमणूक झाली आहे, ते नम्रपणे पण स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

राहिली ती मुलगी. तिला शिकवा, पण एक-दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. एकटीला शिकवू नका. तीन-चार जणींचा गट करा, घरच्यांची लेखी परवानगी घ्या आणि शाळेला कळवून करा. पळणं हे विज्ञानातल्या गुणांचं बक्षीस ठेवू नका. ‘इतके गुण मिळाले तरच ये’ म्हटलं की ती विज्ञानाचा रागराग करील, आणि एखाद्या वाईट दिवशी पळण्याचाही. त्याऐवजी तिला पहिल्या दिवशी एक वही द्या. सकाळची नाडी, झोपेचे तास, प्रत्येक फेरीची वेळ, कसं वाटलं ते एका ओळीत. महिन्यानं आलेख कागद द्या आणि म्हणा, काढ. आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, हे ती विचारेल, कारण रेषा तिची आहे. नाडी एक दिवस एकदम वर का गेली, हा प्रश्नही ती स्वतः विचारेल, आणि ताप यायच्या आदल्या दिवशीची ती नोंद आहे हे तिचं तिलाच सापडेल. विज्ञानात काठावर असलेल्या बऱ्याच मुलांना आकड्यांची भीती नसते, परक्या आकड्यांचा कंटाळा असतो.

आणखी एक, आणि हे एका महिला धावपटूइतकं चांगलं दुसरं कुणी तिला सांगू शकणार नाही. वाढत्या वयातल्या मुली लांब पल्ला पळू लागल्या की ‘हलकी झाले तर वेगानं पळेन’ हा विचार कुठूनतरी डोक्यात शिरतो आणि खाणं कमी होतं. खर्चाच्या मानानं पोटात कमी गेलं की पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’ असं नाव दिलं आणि ती पुरुषांमध्येही होते हे मांडलं. सरावात पाळी थांबणं म्हणजे मेहनत चांगली चाललीय, असं मानणारे प्रशिक्षक तुम्ही पाहिले असतील. तिच्या वहीत एक रकाना पाळीच्या तारखांसाठी ठेवा, तो फक्त तिच्याजवळ राहील असं सांगा आणि सलग तीन महिने चुकली तर तुम्हाला किंवा घरी सांगून डॉक्टरकडे जायचं, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. तिच्या वजनाबद्दल गटात कधीही, कौतुकानंसुद्धा, बोलू नका. तिची तयारी खरोखर पुढच्या पातळीची दिसली तर तिला चांगल्या प्रशिक्षकाकडे सोपवा, आणि वही मात्र विज्ञानाच्या तासाला आणायला सांगा.